तोरणमाळ : एका चित्राच्या दोन मालकिणी

ज्योत्स्नाचा फोन आला तेव्हा मी हरभरा सोलत होते. "तुला घाटात गाडी चालवता येते ना?" एवढंच तिने विचारलं. येते म्हटल्यावर म्हणाली, "मग शुक्रवारी तोरणमाळला जाऊ." कशाला, किती दिवस, कुणाच्या खर्चाने, हे सगळं मला निघाल्यावर धुळ्याच्या अलीकडे कळलं. पेट्रोल तिच्या संस्थेचं होतं, बाकी आपापलं.

ज्योत्स्ना माझी कॉलेजची मैत्रीण. पुण्यात एका संस्थेत जुने कागद सांभाळायचं काम करते. म्हणजे धूळ झटकणं, किडे पळवणं, पान फाटलं असेल तर जपानी कागदाने ते जोडणं, आणि आमच्यासारख्यांनी काही हातात घेतलं की ओरडणं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे काही पत्र्याच्या पेट्या आल्या. सातपुड्यातल्या पाड्यांवर पूर्वी बालवाड्या चालवणारी एक संस्था होती. ती बंद पडली आणि तिचे कागद इथे आले. त्यात मुलांची हजेरी होती, वजनं होती, दूधभुकटीचा हिशेब होता, बाईंनी रोज लिहिलेल्या नोंदी होत्या. "आज सगळ्यांची डोकी विंचरली. उवा फार. खोबरेल संपले," अशा. ज्योत्स्ना म्हणते, राजेरजवाड्यांच्या कागदांत मुलं जन्मतात आणि एकदम गादीवर बसतात. मधे त्यांची नाकं कोण पुसतं ते इथे कळतं.

आणि शेवटच्या पेटीत चित्रं होती. खडूने रंगवलेली, कोपरे कुरतडलेली, शेकड्याने.

त्यांतल्या निवडक चित्रांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. सगळ्यात देखण्या चित्राचं पोस्टरही छापून झालं. लाल घागऱ्यातली एक बाई, तिच्या कडेवर मूल, मागे झोपडी, आणि झोपडीपेक्षा मोठी कोंबडी. पाठीमागे बाईंच्या अक्षरात नाव : रमीला, वय पाच. ज्योत्स्नाच्या संस्थेने खाली मथळा दिला होता, 'आई आणि मी'. आता ज्योत्स्नाचा आग्रह असा की, चित्र लावायचं तर जिने काढलं तिला विचारायला हवं, आणि समोर जाऊन विचारायला हवं.

"पोस्टर छापल्यावर परवानगी मागायला निघालीस," मी म्हटलं. "हे म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी बघायला जाणं झालं."

मांडीवरच्या फाइलीला तिने सीटबेल्ट नीट लावून घेतला. खरं सांगते, स्वतःला नंतर लावला.

आमच्यासारखं नाशिकहून निघणाऱ्यांसाठी : धुळ्यापर्यंत महामार्ग उत्तम. तिथून दोंडाईचा, मग सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, मग शहादा. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. जानेवारीत उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चालतात. हॉर्न वाजवून उपयोग नाही. ड्रायव्हरने गाणी मोठ्याने लावलेली असतात. ती आवडली तर प्रवास सुखाचा होतो.

तोरणमाळला जाण्याआधी आम्ही ब्राह्मणपुरीत थांबलो. रमीलाच्या बालवाडीच्या बाई, निर्मलाबाई, तिथे राहतात. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज मात्र अजून पंचवीस पोरांना एकदम गप्प करील असा. आमच्याशी त्या शाळेतलं मराठी बोलत होत्या, आणि दर दोन वाक्यांनी आत वळून सुनेशी अहिराणी. "अवं, पाहुन्यासले पानी दिनं का?"

पाणी आलं, मागोमाग भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरीही आली. ज्योत्स्नाला मी खुणेने दाखवलं की सवयीने चढवलेले, कागद हाताळायचे पांढरे हातमोजे अजून तिच्या हातात आहेत. ते काढून ती जेवली. भरीत इतकं तिखट होतं की पुढचा अर्धा तास तिने इतिहासाबद्दल काहीही विचारलं नाही.

मग निर्मलाबाईंनी चित्राची छापील प्रत हातात घेतली. चष्मा लावला, काढला, परत लावला.

"रमीला," त्या म्हणाल्या. "हिचे आईबाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचे. ही आजीजवळ. आजी दिवसभर रानात. पोरगी नुसती रडायची. मी सगळ्यांना म्हटलं होतं, तुला कोण सांभाळतं त्याचं चित्र काढा. कुणी आई काढली, कुणी आजी. एकाने बैल काढला. मी म्हटलं, राहू दे, बैलही सांभाळतो."

"आता रमीला काय करते?"

"अंगणवाडी सेविका आहे ना तिथेच. चांगली आहे, जरा भांडकुदळ आहे. माझीच विद्यार्थिनी."

म्हसावदला चहा घेतला. हॉटेलवाल्याने गाडीचा नंबर बघून विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात ताई?" तोरणमाळला म्हटल्यावर त्याने भजी न विचारताच पुढ्यात ठेवली. "मंग आठेच खाई ल्या. वर काही भेटी, काही नही भेटी." हा धंद्याचा सल्ला असला तरी खरा आहे. पेट्रोलही खालीच भरा. आणि थोडे रोख पैसे जवळ ठेवा, कारण वर मोबाइलने पैसे देता येतात, पण मोबाइलची इच्छा असेल तेव्हा.

राणीपूर सोडलं की घाट लागतो. रस्ता अरुंद, वळणं एकावर एक रचलेली, आणि प्रत्येक वळणावर खालचा रस्ता असा दिसतो की आपण तिथून आलो यावर विश्वास बसू नये. समोरून माणसांनी भरलेली जीप आली की आपण थांबायचं. जीपवाले थांबत नाहीत, त्यांना सवय असते. ज्योत्स्ना डोळे मिटून बसली होती आणि मिटल्या डोळ्यांनी मला सूचना देत होती. "डावीकडे घे." डावीकडे दरी होती.

वर पोचल्यावर एकदम सपाट पठार, मोठा तलाव, आणि जानेवारीची थंडी. आम्ही सरकारी निवासात खोली घेतली होती. खोली साधी, खिडकीतून तलाव दिसतो, गरम पाणी सकाळी बादलीने मिळतं. दोघींत भाडं वाटून घेतलं तर मनाला लागत नाही.

ऊन होतं तोवर अंगणवाडी गाठली. रमीला चाळिशीच्या अलीकडची, केसांत पिन, गळ्यात ओळखपत्र, कमरेवर कुणाचं तरी रडकं मूल. ते मूल तिने बोलता बोलता एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतलं. चित्र पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"हे मीच काढलं," ती म्हणाली. "हे लाल मला आठवतं. लाल खडू एकच होता वर्गात. मी कुणाला दिला नाही."

ज्योत्स्नाने प्रदर्शनाचं सगळं समजावून सांगितलं. रमीलाने अधिकाऱ्याकडून परिपत्रक ऐकावं तसं ऐकून घेतलं, मग विचारलं, "पुण्यात माझं नाव लागेल? मोठ्या अक्षरात?"

"हो."

"लावा मग. सुपरवायझर मॅडमला फोटो पाठवा एक."

तिने झोकदार सही केली. ज्योत्स्नाचा चेहरा उजळला. काम इतकं सहज झालं की आम्ही दोघी चहा प्यायला तलावाकाठी गेलो, आणि ते झालं नाही हे तिथे कळलं.

तलावाकाठी एका टपरीत कुरकुरीत भजी मिळतात. मालकीण सेवंती, रमीलापेक्षा थोडी थोरली. हात पिठात, बोलणं कमी. ज्योत्स्नाची खोड अशी की ते चित्र ती वाटेत भेटेल त्याला दाखवते. टोलनाक्यावरच्या माणसालाही दाखवलं होतं. इथेही तिने पिशवीतून छापील प्रत काढली आणि म्हणाली, "हे तुमच्या रमीलाने काढलंय लहानपणी."

सेवंतीने हात पुसले. प्रत घेऊन उजेडात गेली. मागे कढईतली भजी काळी पडायला लागली.

"रमीलाने नाही," ती म्हणाली. "हे मी काढलं. ही मी आहे. कडेवर रमीला आहे."

"पण ही तर आई आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

"आई कुठली? आई तर गुजरातला."

मग तिने थोडक्यात सांगितलं, भजी काढता काढता. तिचे आईबापही ऊसतोडीलाच जायचे. ती तेव्हा आठएक वर्षांची असेल. शाळेत घातलं नव्हतं, आणि बालवाडीसाठी ती मोठी होती, म्हणून तिचं नाव कुठेच नव्हतं. शेजारच्या झोपडीतली रमीला मात्र तिच्या कडेवर असायची. तिला पोचवायला ती बालवाडीत जायची आणि खिचडी होईपर्यंत दाराशी बसायची. त्या दिवशी बाईंनी चित्र काढायला सांगितलं तेव्हा रमीला कागदावर नुसती रडत होती. बाई दुसरीकडे वळल्यावर सेवंतीने कागद ओढून घेतला आणि विचारलं, तुला कोण सांभाळतं? रमीलाने तिच्याकडे बोट दाखवलं. म्हणून तिने स्वतःला काढलं.

"तेवढा एकच कागद माझ्या हातात आला," सेवंती म्हणाली. "मग रमीला शाळेत गेली. मी उसात."

ज्योत्स्ना माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षं ती त्या पेट्यांमध्ये बसली होती. प्रत्येक मुलाचं वजन तिला पाठ होतं. पण ज्या मुलीचं नाव पटावर नव्हतं, ती मुलगी तिच्या कागदांत कुठे सापडणार? ती तिथे होती ती फक्त त्या चित्रात, आणि तिथेही आम्ही तिला रमीलाची आई करून टाकलं होतं.

"तुम्ही रमीलाला सांगाल का हे?" मी विचारलं.

"मी तिच्याशी बोलत नाही."

याचं कारण बकरी निघाली. अंगणवाडीच्या परसबागेतली मेथी आणि पालक सेवंतीच्या बकरीने खाल्ला होता. रमीलाने भरल्या बाजारात बकरीला आणि तिच्या मालकिणीला जे काही सुनावलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पोळ्यापासून, सेवंती म्हणाली. बकरी मात्र अजूनही जाते, हे तिने सांगितलं नाही. ते आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं.

खोलीवर परतल्यावर ज्योत्स्नाने मूळ चित्राचे मोठे केलेले फोटो लॅपटॉपवर काढले. संध्याकाळी थंडी अशी होती की ती ब्लँकेटमधून फक्त एक बोट बाहेर काढून काम करत होती. "बघ," ती म्हणाली. "रेघ हलक्या हाताची आहे, एका दमात काढलेली. रंग मात्र दाबून, रेघेबाहेर. हे मी पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. मला वाटलं, रेघ बाईंनी काढून दिली असेल. तसं टिपूनही ठेवलं."

"म्हणजे दोघी खरं बोलतायत."

"दोघी खरं बोलतायत आणि पोस्टर खोटं बोलतंय," ती म्हणाली, आणि ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं.

सकाळी आम्ही रमीलाला सेवंतीचं म्हणणं सांगितलं आणि टपरीवर बोलावलं. ती आली, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि आमच्याशी बोलली. सेवंतीही आमच्याशीच बोलली. मधे आम्ही दोघी, दुभाष्यांसारख्या, जरी सगळं बोलणं मराठीतच चाललं होतं.

"तिला सांगा, चित्र माझं आहे. माझं नाव आहे मागे."

"तिला सांगा, नाव बाईंनी लिहिलं. ती तेव्हा नाकातलं खात होती."

"तिला सांगा, लाल मी भरला."

"भरला ना. घागऱ्याच्या बाहेर भरला. कोंबडीच्या पायावर भरला. मी सांगत होते, थांब, थांब. ऐकते कुठे. अजून ऐकत नाही."

शेवटचं वाक्य तिने आमच्याकडे न बघता थेट रमीलाला म्हटलं. रमीलाने काहीतरी उत्तर दिलं, पण पावरीत, त्यांच्या घरच्या बोलीत. सेवंतीनेही पावरीत. मग बराच वेळ पावरीतच चाललं. आम्हाला त्यातलं फक्त 'बकरी' कळलं, तेही दोनदा. ज्योत्स्नाने घाबरून माझा हात धरला. मी तिला म्हटलं, भांडण आपल्या हातातून गेलंय, आता भजी खा.

हळूहळू आवाज उतरले. रमीलाने छापील प्रत स्वतःकडे ओढली. त्या कडेवरच्या मुलीवर बोट ठेवलं आणि आमच्यासाठी मराठीत म्हणाली, "मला आईचा चेहरा आठवत नाही तेव्हाचा. हिची कंबर आठवते. हाड टोचायचं."

"तू जड होतीस," सेवंती म्हणाली.

सेवंतीने चहा ओतला, आधी रमीलाला दिला.

ज्योत्स्नाने तिथूनच पुण्याला फोन लावला. तलावाकाठी एका ठरावीक खडकावर उभं राहिलं की नेटवर्क येतं. सगळं गाव तिथे येऊन खासगी बोलतं. म्हणून तिचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. वरच्या साहेबांचं म्हणणं असं असावं की, पोस्टर छापलंय, 'पाच वर्षांच्या मुलीचं चित्र' हेच लोकांना भावतं, आणि दोन नावांनी गोंधळ होईल. ज्योत्स्ना साहेबांपुढे सहसा "हो सर" एवढंच बोलते. त्या खडकावर ती थोडा वेळ "हो सर" म्हणाली. मग म्हणाली, "सर, मग चित्र काढून घेऊ. सेवंतीची परवानगी नसताना मी ते भिंतीवर लावणार नाही. मथळाही चुकलाय. ती आई नाही, आठ वर्षांची मुलगी आहे." आणि नेटवर्क गेलं. खरंच नेटवर्क गेलं, की तिनेच फोन ठेवला, हे ती अजूनही सांगत नाही.

ती खडकावरून उतरून आली. सेवंतीने तिला बाकावर बसवलं आणि विचारलं, "नोकरी गेली का?"

"अजून नाही."

"गेली तर इथे ये. भांडी घासायला बाई पाहिजे."

ज्योत्स्नाने सेवंतीला परवानगीचा कागद वाचून दाखवला. तिला सही येत होती; तिने ती केली, सावकाश आणि ठसठशीत. कागद खाली ठेवून तिने विचारलं, "हे चित्र मला मिळेल?"

मूळ चित्र देता येत नव्हतं. ते पुण्याच्या कपाटात, ठरावीक गारव्यात राहणार होतं. ज्योत्स्नाने ते सांगितलं तेव्हा सेवंती तलावावरून येणाऱ्या वाऱ्यात शाल आवळत म्हणाली, "गारवा इथेही आहे." छापील प्रत मात्र ज्योत्स्नाने तिथेच ठेवली. प्रत एकच होती. अंगणवाडीत लावली तर पोरं फाडतील, सेवंती म्हणाली. टपरीत लावली तर तेलकट होईल, रमीला म्हणाली. शेवटी ती टपरीत लागली, चहाच्या दरांच्या शेजारी, वर प्लास्टिक लावून.

दुपारी निघायच्या आधी आम्ही सीताखाई पाहिली. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर धबधबा दिसतो. जानेवारीत नुसती दरी दिसते, पण दरीही बघण्यासारखी आहे. तिथून परतताना टपरीवरून गेलो. रमीला प्रतीसमोर उभी राहून चहा पीत होती आणि सांगत होती की छपाईत लाल फिका आलाय. सेवंती तिला सरकायला सांगत होती, गिऱ्हाईक यायला जागा नाही म्हणून. अंगणवाडीच्या कुंपणाशी बकरी पालक खात होती.

घाट उतरताना ज्योत्स्नाने डोळे उघडे ठेवले. फाइल मागच्या सीटवर होती.

पुढचं फोनवर कळलं. साहेबांनी दोन दिवस अडून धरलं, मग ऐकलं. निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांत रमीलाचं एकच नाव राहिलं, आणि ते सेवंतीला सांगण्याचं काम ज्योत्स्नाने स्वतः केलं. भिंतीवर मात्र दोन नावं लागली, रेघा सेवंती, रंग रमीला, आणि मथळा बदलला. निर्मलाबाईंनाही तिने फोन केला. त्या म्हणाल्या, दाराशी बसायची ती पोरगी, खिचडी वाढताना मी तिला नेहमी दोन पळ्या द्यायचे, पण नाव लिहायचं सुचलं नाही.

मी घरी आले, गाडी धुतली, हरभरा वाळून गेला होता तो फेकला. मग आईला फोन करून विचारलं, माझं लहानपणीचं एखादं चित्र तुझ्याकडे आहे का?

"तू भिंतीवर काढायचीस," आई म्हणाली. "दर दिवाळीला आम्ही चुना मारायचो."

म्हणजे माझ्या बालपणाची पेटी नाही. असती आणि मला कुणी कागद देऊन विचारलं असतं, तुला कोण सांभाळतं, तर मी आई काढली असती. तेच काढायचं असतं. पण खरं सांगायचं तर आई नोकरीला जायची, आणि शाळा सुटल्यापासून ती येईपर्यंत मी समोरच्या चाळीतल्या शैलाच्या मागे मागे असायचे. शैला सहावीत होती. ती माझी वेणी इतकी घट्ट घालायची की माझे डोळे ताणले जायचे, आणि रस्ता ओलांडताना मनगट धरायची, बोटं नाही. बोटं सुटतात, म्हणायची.

आईला विचारलं, शैलाचं आडनाव काय होतं?

आई आठवायला लागली. मी फोन कानाला लावून थांबले आहे.